नटावरची पिवळी पट्टी

शनिवार, १३ जानेवारी २०२४. रक्कम रुपये अठ्ठावीस हजार. जागा, डोंबिवली पूर्वेला मानपाड्याजवळची मिस्त्रींची शेड. हजर: मी, माझे साडू, मिस्त्री स्वतः, आणि त्यांच्याकडे आपापले ट्रेलर आणणारे आणखी दोन मालक, एक शीळफाट्याचे आणि एक बदलापूरचे. आमचा ड्रायव्हरही तिथे उभा होता, पण तो काही बोलला नाही, म्हणून माझ्या वहीत हजर माणसांमध्ये त्याची नोंद नाही.

त्या दिवशी चार टायरांच्या नुकसानीचा दोष मी मिस्त्रींवर टाकला, आणि ते नुकसान त्यांनी भरून द्यावं असं चौघांसमोर ठरवून घेतलं. दोष त्यांचा नव्हता. हे मला पुरतं कळायला दीड वर्ष गेलं, आणि तोपर्यंत ज्या कामावर त्यांनी तीस वर्षं नाव कमावलं होतं ते काम त्यांच्या हातून गेलं होतं.

मी एका पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात हिशेब लिहितो. पगार बेताचा, पण वेळेवर येणारा. माझे साडू बाळकुमचे. त्यांच्या आजोबांनी मिठागरात काम केलं, वडिलांनी भातशेती केली, आणि त्यांच्या स्वतःच्या वाट्याला इमारतींच्या जमिनीचे पैसे आले. त्या पैशांतले काही आणि माझ्या भविष्यनिर्वाह निधीतले काही घालून आम्ही एक चाळीस फुटी ट्रेलर घेतला. बंदरातून कंटेनर उचलायचा आणि भिवंडीच्या गोदामात किंवा आमच्या एमआयडीसीत सोडायचा, एवढंच काम. भांडवल त्यांचं जास्त, डोकं माझं, असं ते चारचौघांत म्हणायचे. घरात म्हणायचे, "याला हिशेब दिला की याला जेवन नको."

मला त्यात कौतुकच वाटायचं. मी ट्रेलरची एक वही केली होती. ग्रीस किती किलोमीटरवर, ब्रेकचे लायनर कधी पाहिले, कुठल्या चाकावर कुठला टायर, तो कधी चढवला, हवा किती. आठवड्याला एकदा कारखान्यातून सुटल्यावर मी स्वतः जाऊन हवा मोजायचो. ट्रेलरला इंजिन नसतं, त्यामुळे लोकांना वाटतं त्याला काही करावं लागत नाही. पण ओढल्या जाणाऱ्या गाडीचं दुखणं आवाज करत नाही. ते टायरमध्ये दिसतं, आणि दिसतं तेव्हा पैसे गेलेले असतात.

त्यातलं मुख्य दुखणं म्हणजे ॲक्सल सरकणं. ट्रेलर पुढच्या बाजूला एका जाड खुंटावर ओढला जातो, त्याला किंगपिन म्हणतात. त्या किंगपिनपासून मागच्या प्रत्येक ॲक्सलचं डावं टोक आणि उजवं टोक सारख्या अंतरावर हवं. एक बाजू बोटभर जरी पुढे-मागे झाली तरी ट्रेलर सरळ रस्त्यावर थोडा तिरका चालतो आणि टायर घासले जातात, खोडरबर घासावं तसे. हे अंतर पाहून ॲक्सल जागेवर आणणं म्हणजे अलाइनमेंट.

हल्ली त्याला लेझरची यंत्रं आहेत. मिस्त्री ते काम ओळंब्याने करायचे. शेडसमोरची जमीन त्यांनी स्वतः सिमेंट घालून सपाट करून घेतली होती. ट्रेलर आला की ते ड्रायव्हरला तो सरळ रेषेत वीस-पंचवीस पावलं पुढे घ्यायला लावत आणि ब्रेक न दाबता आपोआप थांबू देत, म्हणजे कुठे ताण राहत नाही. मग किंगपिनमधून ओळंबा सोडत, जमिनीवर खडूने टिंब काढत, आणि तिथून दोन्ही टोकांपर्यंत टेप ताणत. आकडा ते मोठ्याने सांगत. दसऱ्याच्या आधीच्या शुक्रवारी मी गाडी नेली, तेव्हा मधल्या ॲक्सलचे आकडे होते, डावीकडे सात हजार दोनशे चौदा मिलिमीटर, उजवीकडे सात हजार दोनशे पंचवीस. फरक अकरा. चालतो तीनपर्यंत. मी ते लिहून घेतलं. मिस्त्रींना लिहायची सवय नव्हती. त्यांचं बिल म्हणजे एका वहीच्या पानावर "अलाइनमेंट" हा एक शब्द आणि खाली रक्कम.

मग त्यांनी ॲक्सलला कमानींशी, म्हणजे पाट्यांच्या स्प्रिंगांशी, बांधणारे यू-बोल्ट सैल केले, ॲक्सल हलवला, पुन्हा टेप ताणला. फरक एकवर आला. तेव्हा नट आवळायला घेतले, एका बाजूचा एक, मग समोरचा, असे आळीपाळीने. पान्याला लांब पाइप लावून ते सगळं अंग त्यावर टाकत. साठीच्या जवळ आलेला सडपातळ माणूस, पण शेवटच्या झटक्याला पाइप वाकेल असं वाटायचं. सगळे आवळून झाले की एका डबीतून पिवळा रंग घेऊन ते बारीक ब्रशने प्रत्येक नटावर एक पट्टी मारत, अशी की अर्धी पट्टी नटावर आणि अर्धी बोल्टच्या टोकावर. नट जरासुद्धा फिरला तर पट्टी तुटलेली दिसणार. ड्रायव्हरने सकाळी खाली वाकून एक नजर टाकली की काम झालं. पान्याची गरज नाही.

त्या दिवशी हात पुसत ते मला म्हणाले, "साहेब, पहिली भरलेली फेरी मारून आली की गाडी परत आणा. वजन पडलं की कमानी बसत्यात, नट थोडं ढिलं होत्यात. पाव तासाचं काम. पैसं न्हाईत त्याचं."

मी हो म्हणालो. हे मी ऐकलं होतं. पुढे जे झालं त्यात ही एकच गोष्ट मी कधी नाकारली नाही, आणि कधी सांगितलीही नाही.

त्यानंतरचा मंगळवार दसऱ्याचा. आमच्याकडे ट्रेलरला दसऱ्याला नवा रंग असायचा. ही साडूंची हौस. बाळकुमात त्यांच्या घरासमोर ट्रेलर उभा करायचा, झेंडूचे हार, नारळ, आणि शेजाऱ्यांना दिसेल असा चकचकीत रंग. ते फक्त वरच्या भागापुरतं बोलले होते. पेंटरशी घासाघीस माझ्याकडे होती. पेंटरने सांगितलेला दर मला जास्त वाटला. दर तर तो सोडेना. मग मी म्हटलं, ठीक आहे, याच पैशांत खालची सगळी चासी, ॲक्सल, कमानी, सगळं काळं करून द्यायचं. त्याने थोडी कुरकुर केली आणि कबूल झाला. मी घरी येऊन बायकोला सांगितलं की आज एका रंगाच्या पैशांत दोन रंग केले. ती म्हणाली, "खालून कोण बघणार आहे?" मी म्हटलं, गंज बघतो.

पेंटरने फवाऱ्याने रंग मारला. सोमवारी संध्याकाळी मी वाकून पाहिलं तर खालचा भाग नव्या गाडीसारखा काळाभोर. मला समाधान वाटलं. पिवळ्या पट्ट्या कुठे दिसत नव्हत्या, आणि त्या दिसत नाहीत हे माझ्या ध्यानातही आलं नाही. तीन दिवसांपूर्वी मी त्या मारताना पाहिल्या होत्या.

ध्यानात आलं ते ड्रायव्हरच्या. तो बीडकडचा, अबोल माणूस, आमच्याकडे तीन वर्षं होता. दसऱ्यानंतर पहिली फेरी झाल्यावर त्याने फोन केला की मिस्त्रींकडे गाडी नेऊ का. मी वही पाहिली. दुसऱ्या दिवशी सकाळचा कंटेनर ठरलेला होता. मानपाड्याला वळून, रांगेत थांबून, परत बंदराकडे जायचं म्हणजे पाव तासाचं काम अर्ध्या दिवसाचं होतं, आणि एक फेरी जाते. शिवाय माझ्या मनात एक जुना संशय होता. फुकट तपासणी म्हणून बोलावतात आणि मग अमुक बुश गेलाय, तमुक बदला, असं नवं काम काढतात. मिस्त्रींनी असं कधी केलं नव्हतं. पण दुसऱ्या गॅरेजवाल्यांनी केलं होतं, आणि मी सगळ्यांचा एकच खाना केला होता.

मी ड्रायव्हरला म्हणालो, पुढच्या आठवड्यात बघू. तो म्हणाला, "साहेब, पट्टी पण दिसत न्हाई आता. रंगाखाली गेली."

"नवा रंग आहे," मी म्हणालो. "रंग बघ."

पुढच्या आठवड्यात काही मी बघितलं नाही. दिवाळीच्या आधी माल जास्त असतो. नंतर विसरलो म्हणणं खरं होणार नाही. वहीत ती नोंद नव्हती, कारण ती बिलावर नव्हती, आणि जे बिलावर नसतं ते मी वहीत घेत नसे.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात हवा मोजताना मला मधल्या ॲक्सलचे चारही टायर हाताला करवतीसारखे लागले. एका कडेने रबर जवळजवळ संपलेलं. ते रिमोल्ड, म्हणजे जुन्या टायरवर नवं रबर चढवलेले टायर होते, सात हजारांना एक, नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला चढवलेले. नऊ हजार किलोमीटरसुद्धा झाले नव्हते. मला रात्री झोप आली नाही असं काही नाही, पण मी जेवताना तोच आकडा बोलत होतो. सातचोक अठ्ठावीस. बायकोने शेवटी ताट उचललं.

शनिवारी मी साडूंना घेऊन शेडवर गेलो. ट्रेलर आधीच बोलावला होता. ते दोन मालक तिथे त्यांच्या गाडीच्या कामासाठी बसले होते, मी त्यांना मुद्दाम बोलावलं नव्हतं. पण ते आहेत हे पाहून मी आवाज खालीही केला नाही.

मिस्त्रींनी टायर पाहिले, ओळंबा सोडला आणि टेप ताणला. फरक अठरा. मग हातोडीने एकेका नटावर ठोकत गेले. घट्ट नट खणकन वाजतो. डावीकडचे दोन बद्द वाजले. ते ऐकून शीळफाट्याचे मालक खुर्चीवरून उठून जवळ आले.

मी म्हणालो, "म्हणजे हे दोन आवळलेच नव्हते."

मिस्त्री म्हणाले, "आवळलं होतं. पट्टी मारली होती. पट्टी बघा."

नट काळे होते. त्यांनी खरवडायला पत्र्याचा तुकडा घेतला आणि गाडीखाली वाकले. तेवढ्यात साडू हसले आणि म्हणाले, "जपून खरवडा. बोटाला तुमच्याच डबीचा ओला रंग लागंल." दोन्ही मालक हसले. मीही काहीतरी बोललो, आणि माझं बोलणं साडूंच्या थट्टेपेक्षा वाईट होतं, कारण ते हिशेबी होतं. मी म्हणालो, "पट्टी मारणं म्हणजे आवळणं नव्हे. पट्टी निघाली तरी त्याने काय सिद्ध होतं?"

मिस्त्री पत्रा खाली ठेवून उभे राहिले. मला म्हणाले, "गाडी परत आणा म्हनलो होतो. आणली न्हाई तुम्ही."

आता मी काय म्हणालो ते शब्दाला शब्द लिहितो, कारण या सगळ्या प्रकरणात तेच मला जास्त टोचतं. मी "तुम्ही असं म्हणाला नव्हता" असं म्हणालो नाही. खोटं मी बोलत नाही, हा माझा अभिमान होता. मी बिलाचं ते पान खिशातून काढलं, उलगडलं, आणि विचारलं, "कुठे लिहिलंय?"

त्यांनी पान पाहिलं. त्यावर एक शब्द होता. बदलापूरचे मालक म्हणाले की मिस्त्री, आता लेखी द्यायला शिका, जमाना तसा आहे. ते चांगल्या भावनेनेच म्हणाले असतील.

मी म्हटलं, अठ्ठावीस हजार पुढच्या बिलांतून थोडे थोडे वळते करू. मिस्त्री म्हणाले पुढचं बिल व्हायचं नाही, तुमच्या गाडीला मी हात लावणार नाही, पैसे आठ दिवसांत देतो. आणि ते आत जाऊन दुसऱ्याच कामाला लागले.

आठव्या दिवशी, रविवारी, ते आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आले. बसले नाहीत. रबर लावलेलं पुडकं माझ्या हातात दिलं. पाचशेच्या नोटा थोड्या, बाकी दोनशेच्या आणि शंभराच्या. मी त्यांच्यासमोर मोजल्या, दोनदा, आणि पावती लिहून दिली. बायकोने चहा विचारला. नको ताई, म्हणाले. ते गेल्यावर ती म्हणाली, "दारात उभं करून मोजलेत." मी म्हणालो की पैसे समोर मोजलेले दोघांच्याही भल्याचे असतात. संध्याकाळपर्यंत तिने मला चहाही विचारला नाही.

ट्रेलर मी हायवेवरच्या एका मोठ्या गॅरेजात नेला. तिथे लेझर, वातानुकूलित खोली, पाण्याची बाटली. त्यांनी डाव्या बाजूचे यू-बोल्ट गॅसने कापून काढले आणि नवे घातले. कापलेले तुकडे मी मागून घेतले. लोखंड आहे, भंगारात जाईल. गोणीत घालून साडूंच्या बाळकुमच्या घरामागच्या जुन्या गोठ्यात ठेवून दिले. गॅरेजने छापील कार्ड दिलं. त्यात सर्वांत खाली ओळ होती: पहिल्या भरलेल्या फेरीनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्यावेत, विनामूल्य. ती वाचून मी पान उलटलं. आणि पहिली फेरी होताच ट्रेलर त्यांच्याकडे पाठवला. पूर्ण अर्धा दिवस गेला. वहीत लिहिलं: यू-बोल्ट तपासणी, विनामूल्य, एक फेरी कमी.

म्हणजे अर्धं मला तेव्हाच कळलं होतं. ते अर्धं मी पुढचे सतरा महिने तसंच ठेवलं. कधी आठवलं तर स्वतःला सांगायचो की गाडी परत नेली नाही ही माझी चूक धरली तरी नट मुळात नीट आवळले असते तर तीन महिन्यांत इतके सैल झाले नसते.

दरम्यान कानावर यायचं. शीळफाट्याच्या मालकांचे सहा ट्रेलर होते, त्यांनी ते लेझरवाल्याकडे नेले. बदलापूरचेही गेले. ट्रकवाल्यांत अशी गोष्ट पटकन पसरते आणि पसरताना वाढते. मिस्त्री नट सैल सोडतो, हे वाक्य मी एकदा भिवंडीच्या गोदामावर एका अनोळखी ड्रायव्हरच्या तोंडून ऐकलं. मी काट्यावरच्या वजनाची पावती घ्यायला उभा होतो. पावती घेऊन निघालो.

पुढच्या वर्षी जूनमध्ये साडूंनी गोठा पाडायला काढला. तिथे त्यांच्या मुलाच्या गाडीसाठी जागा करायची होती. भंगारवाला बोलावला आणि वजनावर लक्ष ठेवायला मला. भंगारवाल्याने गोणी उपडी केली. कापलेले यू-बोल्ट बाहेर पडले, नट त्यांच्यावर तसेच. दीड वर्षाच्या दमट हवेत फवाऱ्याचा काळा रंग फुगून त्याचे पोपडे निघत होते. एक मी हातात घेतला आणि अंगठ्याने घासला. खाली पिवळं होतं.

चारही नट मी पायरीवर बसून साफ केले. दोन नटांवर पट्टी नटावरून बोल्टवर सरळ गेलेली होती, केसाचाही फरक नाही. उरलेल्या दोहोंवर नटावरची अर्धी पट्टी एकीकडे आणि बोल्टवरची दुसरीकडे, पाव वेढ्याने फिरलेली. म्हणजे त्यांनी चारही आवळले होते. सैल सोडले असते तर नऊ हजार किलोमीटरमध्ये ते दोन पाव वेढ्यावर थांबले नसते, पार निघून पडले असते. कमानी बसल्या आणि दोन नुसते ढिले झाले, ते म्हणाले होते तसे. आणि ही तुटलेली पट्टी ड्रायव्हरला पहिल्याच आठवड्यात दिसली असती, जर मी एका रंगाच्या पैशांत दोन रंग करून घेतले नसते.

भंगारवाला विचारत होता, हे घालू का काट्यावर. साडू जवळ आले. मी त्यांना दाखवलं, समजावून सांगितलं. त्यांनी दोन्ही नट पाहिले. ते मूर्ख नाहीत, माझं सांगून व्हायच्या आधी त्यांना कळलं.

"जाव दे," ते म्हणाले. "दीड वरीस झाला. आता कोन इचारतंय?"

मी म्हटलं, मिस्त्रींना सांगावं लागेल, पैसे द्यावे लागतील.

"तू दे. कुठं लिवलंय ते तू इचारला व्हतास, मी नाय." मग ते हळू आवाजात म्हणाले, "मी हसलो व्हतो, तेवढं सांग त्यांना."

मी आधी त्या दोन मालकांना फोन केला. मला वाटत होतं की मिस्त्रींपुढे जाताना निदान एवढं तरी हातात असावं. शीळफाट्याच्या मालकांना तो दिवसच आठवेना. कुठले मिस्त्री, असं त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं, तर म्हणाले की बरं झालं सांगितलंत, पण आता वर्षाचा करार झालाय लेझरवाल्याशी. बदलापूरच्या मालकांना आठवत होतं. ते म्हणाले की मी तर तेव्हाही म्हणत होतो, लेखी द्या. दोघांपैकी कोणी शेडवर परत जाईल असं वाटलं नाही.

आणि शेडही नव्हती. मी मानपाड्याला गेलो तेव्हा त्या जागी मार्बलचे तुकडे विकणारा बसला होता. सिमेंटची सपाट जमीन तेवढी होती, तिच्यावर लाद्या रचलेल्या. त्याने सांगितलं की मिस्त्री आता घोडबंदर रोडला एका मोठ्या सोसायटीत पंप आणि जनरेटर सांभाळतात.

यानंतर मी पाच महिने घालवले. कारखान्याचं ऑडिट, मुलीचा प्रवेश, पाऊस. कारणं सगळी खरी होती. नोव्हेंबरच्या एका रविवारी शेवटी गेलो. घोडबंदर रोडला गाड्या जागच्या हलत नव्हत्या. कापूरबावडीपासून त्या सोसायटीपर्यंत दीड तास लागला आणि मी बसमध्ये उभा राहून बोलायची वाक्यं जुळवत होतो. फाटकावर माझा फोटो काढला, कोणाकडे म्हणून विचारलं. मिस्त्रींचं आडनाव मला माहीत नव्हतं, पंप सांभाळणारे मिस्त्री एवढंच सांगितलं. इतकी बिलं चुकती केली, सगळी "मिस्त्री" या नावाने.

ते तळघरातल्या पंपाच्या खोलीतून वर आले. निळा शर्ट, खिशावर सोसायटीचं नाव शिवलेलं. मला पाहून ओळखलं. बाकड्यावर बसलो. मी नट बरोबर नेले होते, रुमालात गुंडाळून, पण ते काढायची वेळ आली नाही. मी सांगायला लागलो तसे ते मान हलवत राहिले.

"मला म्हाईत हुतं की," ते म्हणाले. "आवळलेलं मानसाला आठवतं."

मी म्हणालो की परत आणा म्हणून तुम्ही सांगितलं होतं, ते मी ऐकलं होतं, आणि ते त्या दिवशी सर्वांसमोर बोलायला हवं होतं. साडू हसले होते, त्याचं त्यांना वाईट वाटतं, तेही सांगितलं. त्यांनी विचारलं, "त्या दोघांना सांगितलं?" मी सांगितलं, फोन केला होता. काय म्हणाले ते? मी तेही सांगितलं, जसंच्या तसं. ते थोडं हसले. मग म्हणाले की इथं बरं आहे, महिन्याला पगार येतो, अंगावर गाडी नाही. पण हाताला टेप नाही. एवढंच म्हणाले, आणि पंपाचा आवाज बदलला तसा कान तिकडे लावून उठले.

मी पाकीट पुढे केलं. त्यांनी हात मागे घेतला. "ते घरी द्या," म्हणाले. "तवा पैसं तिनं उभं केलं हुतं. माझ्याकडनं न्हवतं गेलं ते."

परतताना मी डोंबिवलीच्या मानपाडा गावात त्यांनी सांगितलेल्या चाळीत गेलो. त्यांच्या बायकोला मी पहिल्यांदाच पाहत होतो. त्या दारात मेथी निवडत बसल्या होत्या. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी मेथी बाजूला सारली नाही, पण निवडायच्या थांबल्या. मी सगळं पुन्हा सांगितलं. त्यांनी पाकीट घेतलं, नोटा मोजल्या, अठ्ठावीस हजार.

मग त्यांनी मला विचारलं, "आणि भिशीचं?"

मला कळलं नाही. त्यांनी सांगितलं. चाळीतल्या बायकांची भिशी होती, बोली लावून उचलायची. ज्याला निकड जास्त तो कमी रकमेवर उचलतो, सोडलेले पैसे बाकीच्यांत वाटले जातात. त्यांचा विचार शेवटपर्यंत थांबून पूर्ण रक्कम घ्यायचा होता, धाकट्या मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी. आठ दिवसांची मुदत होती म्हणून त्यांनी जानेवारीतच बोली लावली आणि तीन हजार दोनशे सोडून भिशी उचलली. मुलीची फी मग भावाकडून आणली. ती फेडली, त्याचं काही नाही. पण तीन हजार दोनशे गेले ते गेले.

त्यांचा आवाज चढला नव्हता. त्या मला एक आकडा सांगत होत्या, जो माझ्या वहीत असायला हवा होता आणि नव्हता. ते पैसे आठ दिवसांत कुठून आले, हे मी तेव्हा विचारलं नव्हतं, आणि नंतरही मनात आलं नव्हतं. मिस्त्रींनी मुदत स्वतः सांगितली होती, एवढंच मी धरून बसलो होतो.

माझ्या खिशात सतराशे होते. मी नाक्यावरच्या एटीएमवर जाऊन आलो. परत येईपर्यंत त्यांची मेथी निवडून झाली होती.

रविवार, ९ नोव्हेंबर २०२५. अठ्ठावीस हजार आणि तीन हजार दोनशे, एकूण एकतीस हजार दोनशे रुपये, रोख, मिस्त्रींच्या बायकोच्या हातात.